क्रमांकाचा मान आणि खडकी-पिंपरीची हॉकी

खेळाडू निवृत्त झाल्यावर त्याच्या पाठीवरचा क्रमांक त्या संघातील अन्य कोणालाही न देणे, म्हणजेच ‘जर्सी निवृत्त करणे’, ही प्रथा व्यावसायिक खेळात आइस हॉकीतून आली. डिसेंबर १९३३ मध्ये बॉस्टन येथील सामन्यात एडी शोरच्या धडकेने डोक्याला जबर इजा झालेला टोरोंटो मेपल लीफ्सचा एस बेली पुन्हा कधी खेळू शकला नाही, आणि १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या मदतीसाठी भरवलेल्या सामन्याच्या वेळी त्याचा ६ क्रमांक कायमचा राखून ठेवण्यात आला. पुढे स्वतः बेलीच्याच इच्छेने तो रॉन एलिस या तरुण खेळाडूला मिळाला, त्यामुळे राखून ठेवलेला क्रमांक योग्य वारसदाराच्या हाती सोपवण्याचा पायंडाही या प्रथेच्या पहिल्याच उदाहरणातून पडला.

मराठी वाचकाला ही प्रथा प्रामुख्याने क्रिकेटमुळे परिचित झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबो येथे पालघरच्या शार्दूल ठाकूरने सचिन तेंडुलकरचा १० क्रमांक अंगावर घालताच चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर तो क्रमांक अनौपचारिकपणे वापरातून गेला. हॉकीत मात्र संघटनेनेच पुढाकार घेतला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दहा खेळाडूंनिशी लढून ब्रिटनला शूटआउटमध्ये (बरोबरीनंतर गोलरक्षकाशी एकेकट्याने होणाऱ्या निर्णायक लढतीत) हरवणाऱ्या आणि पुढे स्पेनवर २-१ असा विजय मिळवून कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश याचा १६ क्रमांक हॉकी इंडियाने ऑगस्ट २०२४ मध्ये वरिष्ठ संघापुरता निवृत्त केला, मात्र कनिष्ठ संघात तो खुला ठेवला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राणी रामपालच्या २८ क्रमांकालाही हाच मान लाभला.

हा मान ज्यांना मिळाला ते दोघेही हॉकी इंडिया या २००९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या काळात खेळलेले आहेत, आणि पुण्याच्या खडकीचा विचार करताना हे विशेष जाणवते. मुळा नदीवरील हॅरिस पुलापलीकडच्या दापोडी-पिंपरीला लागून असलेल्या या छावणीत, म्हणजे लष्करी वसाहतीत, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि दारूगोळा कारखाना यांच्या सहवासात हॉकी रुजली. तेथील कारखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याच्या घरी १९६८ मध्ये जन्मलेले धनराज पिल्ले मोडक्या काठ्यांनी खेळ शिकले आणि मुंबईला जाऊन महिंद्राच्या संघातून पुढे आले. १९९२ ते २००४ या काळातील चारही ऑलिम्पिक आणि १९९० ते २००२ या काळातील चारही विश्वचषक ते खेळले, तसेच १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळवले. पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला संघाला सुवर्ण मिळवून दिले होते.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने हॉकीचा गौरव स्थळनामाच्या मार्गाने केला असून नेहरूनगरच्या कृत्रिम हिरवळीच्या मैदानाला मेजर ध्यानचंद यांचे नाव आहे, आणि तेथेच डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा झाली. ध्यानचंद यांची कीर्ती कोणत्याही क्रमांकाशी जोडलेली नसल्याने त्यांच्यासाठी स्थळनाम हाच योग्य मार्ग ठरतो. धनराज यांच्या पिढीला मात्र हे लागू होत नाही, कारण तेव्हा पाठीवरचे आकडे दूरचित्रवाणीवर घरोघरी दिसत होते. संघटना नंतर स्थापन झाली, हे कारणही येथे पुरेसे नाही. टोरोंटोच्या त्याच संघाने २०१६ मध्ये, आपल्या शताब्दी हंगामाच्या आरंभी, १९४८ मध्येच खेळ थांबवलेल्या सिल ॲप्ससह अनेक जुन्या खेळाडूंचे क्रमांक एकाच वेळी निवृत्त केले. धनराज आणि एलिझा नेल्सन यांच्या बाबतीत तसाच ठराव करणे हॉकी इंडियाला आजही शक्य आहे आणि त्यांच्या कामगिरीकडे पाहता तो यापूर्वीच व्हायला हवा होता.