आरएस-२३२ : पिन २ आणि पिन ३ यांचा गोंधळ

संगणकावरून सीएनसी यंत्राकडे प्रोग्रॅम पाठवला, केबल घट्ट बसलेली आहे, तरी यंत्राच्या पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. केबल बदलण्याआधी या जोडणीचा इतिहास पाहा. बरेचसे दोष त्यातूनच आले आहेत.

१९६० मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने आरएस-२३२ हे मानक प्रसिद्ध केले. ते टेलिप्रिंटरसारखे टर्मिनल आणि मोडेम यांच्यासाठी होते. संगणकाला यंत्र थेट जोडायचे, हा विचार त्यात नव्हता. टर्मिनल पिन २ वर बोलते, पिन ३ वर ऐकते, मोडेम उलट. पुढे मोडेम वगळून दोन 'टर्मिनले' समोरासमोर आली, तेव्हा दोघेही २ वर बोलू लागले आणि ऐकणारे कोणीच उरले नाही. म्हणून २ व ३ या तारांची अदलाबदल करणारी 'नल मोडेम' केबल आली. त्यात १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीने २५ ऐवजी ९ पिनांचा जोड आणला आणि त्यावर २ हा ऐकण्याचा, ३ हा बोलण्याचा ठेवला. केबल सरळ की उलटी, हा वाद तेव्हापासून प्रत्येक कार्यशाळेत आहे.

तार बरोबर असूनही अक्षरे गळत असतील, तर वेगाचा हिशेब करा. ९६०० बॉडला, प्रत्येक अक्षरामागे १० बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरे येतात. मूळ आयबीएम पीसीतील ८२५० चिपमध्ये आलेले एकच अक्षर साठत असे. प्रोसेसर मिलिसेकंदभर अडकला की पुढचे अक्षर त्यावर चढे. १६५५०ए चिपने ही जागा १६ अक्षरांची केली. सीएनसीत हे गळणे महागात पडते: उणे चिन्ह गळले, तर हत्यार विरुद्ध दिशेला जाते.

'थांब' आणि 'पाठव' हे निरोप १९ व १७ या सांकेतिक अक्षरांनी देण्याची सोय आहे. मजकुरासाठी ती ठीक. पण बायनरी फाइलमध्ये १९ हा अंक सहज येतो, आणि संगणक तो निरोप समजून गप्प बसतो. नवशिक्याला सर्वाधिक छळणारा दोष हाच, असे माझे मत आहे.

तपासणी जुनीच आहे. तारांद्वारे होणारे प्रवाह-नियंत्रण बंद करा, संगणकाच्या बाजूचे २ व ३ तारेच्या तुकड्याने जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये काही टाइप करा. अक्षर परत आले, तर पोर्ट शाबूत आहे. दोष केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा यंत्राच्या टोकाला शोधा.