नदीच्या पोटातला इतिहास

सुदुंबऱ्याची सुधा नदी इंद्रायणीला मिळते आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेला. या पाण्याच्या काठाने कष्टकरी माणसाच्या किती पिढ्या नांदल्या, ते कुठल्या बखरीत लिहिलेलं नाही. तो इतिहास वाचायचा तर नदीचं पात्र वाचायला शिकलं पाहिजे, असे आम्हास वाटते.

समुद्रात बुडालेल्या वस्तू शोधायला पाणबुडे लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने द्वारकेजवळ तसं काम केलं. आपल्या नद्यांचं तसं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पात्र उघडं पडतं, दरडीतले थर दिसतात, आणि संशोधक पायीच शोध घेतात.

नेवाशाला प्रवरेकाठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केले. नदीच्या दरडीत तळाच्या मोठ्या गोट्यांच्या थरात काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी सापडल्या. वरच्या बारीक खड्यांच्या थरात गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान हत्यारं मिळाली. खालची जुनी, वरची नंतरची. ही हत्यारं कुणा राजाने घडवली नाहीत, हाताने राबणाऱ्या माणसाने घडवली.

पण नदी राखते तशी फसवतेही. वाहत आलेल्या हत्याराच्या धारा झिजून गोल होतात. धार ताजी असेल तर ते फार लांबून आलेलं नसतं. आपल्याच जिल्ह्यात बोरीला कुकडीकाठी ज्वालामुखीची राख आणि दगडी हत्यारं सापडली. ती राख सुमात्रातल्या तोबाची, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीची, असे काही संशोधक म्हणतात. काहींच्या मते ती सहा लाख वर्षांहून जुनी. राखेचं वय बदललं की हत्यारांचंही बदलतं. म्हणून वस्तूइतकीच तिची जागाही मोलाची. गिरणीत ताग्यावर साच्याचा नंबर नसला, तर तो कुणी विणला ते कसं कळणार? तसंच हे.

कार्ल्याचा शिलालेख पाहा. तो भिंतीवर, आपल्या जागी राहिला. म्हणून सातवाहन राजाने मामालच्या अमात्याला आज्ञा करून वलूरकच्या भिक्खूंना गाव दान दिलं, हे आज वाचता येतं. मामाल म्हणजे आपलं मावळ! तोच लेख तुटून पात्रात गोट्यांसारखा घरंगळला असता, तर कुठला, कुणाचा, हे कसं कळलं असतं?

आज वाळूउपशाची यंत्रं हे थर एका रात्रीत उलटेपालटे करतात. पुस्तकाची पानं फाडून वाऱ्यावर सोडावी, तसा हा प्रकार आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पात्रात घडीव दगड, नाणं, खापर दिसलं तर शेंदूर फासू नका, विकू नका, आणि पुराव्याशिवाय "हे आपलंच" असंही म्हणू नका. जागा, खोली, तारीख वहीत लिहा, फोटो काढा, जाणकारांना दाखवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ चा कायदाच आहे. पोरांना उन्हाळ्यात नदीवर न्या. आपला इतिहास दुसऱ्या कुणी लिहून देण्याची वाट आपण फार दिवस पाहिली.