फॉर जँगो

फॉर जँगो : अमेरिकन जॅझ गिटारवादक जो पास (१९२९–९४) याची ध्वनिमुद्रिका. ध्वनिमुद्रण १९६४. बेल्जियममध्ये जन्मलेला व फ्रान्समध्ये नावारूपाला आलेला थोर गिटारवादक जँगो राइनहार्ट (१९१०–५३) याला तिच्यातून आदरांजली वाहिली आहे. लॉस एंजेलिसच्या ‘पॅसिफिक जॅझ’ या कंपनीने ती काढली. निर्माता रिचर्ड बॉक. पूर्वसूरीची नक्कल न करता त्याचे ऋण कसे मानावे, याचा ही ध्वनिमुद्रिका एक उत्तम नमुना आहे.

पार्श्वभूमी : जँगो मानूश या भटक्या रोमा समाजातला. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका व करंगळी अधू झाली. तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांवर भर देऊन त्याने आपली वादनपद्धती नव्याने घडवली. १९३४ साली पॅरिसमध्ये त्याचा व व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेलीचा ‘क्विंतेत द्यू हॉट क्लब द फ्रान्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. एक व्हायोलिन, तीन गिटार व एक बास अशी त्याची रचना होती. ड्रम नसल्याने तालाचा सगळा भार साथीच्या दोन गिटारांवर असे आणि जँगोची गिटार व्हायोलिनच्या बरोबरीने पुढे येई.

जो पासचा जन्म न्यू जर्सीतला. बालपण पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन या पोलादनगरीत गेले. हेरॉइनच्या व्यसनात त्याची उमेदीची वर्षे वाया गेली. कॅलिफोर्नियातील सिनॅनन या पुनर्वसन केंद्रात तो सावरला आणि तिथल्याच वादकांसह केलेल्या साउंड्स ऑफ सिनॅनन (१९६२) या ध्वनिमुद्रिकेने जाणकारांचे लक्ष त्याच्याकडे वेधले. त्यानंतर दोनच वर्षांनी फॉर जँगो तयार झाली.

वादक व रचना : पासची गिटार, जॉन पिसानोची साथीची गिटार, जिम ह्यूहार्टचा बास व कॉलिन बेलीचे ड्रम असा चौघांचा संच आहे. दहा रचनांपैकी ‘नुआज’, ‘फ्लर दानुई’, ‘कॅव्हलरी’ व ‘जँगोज कॅसल’ या चार खुद्द जँगोच्या. ‘नुआज’ त्याने १९४० साली, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये प्रथम ध्वनिमुद्रित केली. ‘जँगोज कॅसल’ मूळ फ्रेंचमध्ये ‘मान्वार द मे रेव्ह’ या नावाने ओळखली जाते. ‘रोझेटा’, ‘नाइट अँड डे’, ‘लाइमहाउस ब्लूज’ व ‘इन्सान्सिब्लमां’ या इतरांच्या, पण जँगोने वाजवलेल्या रचना. उरलेल्या दोन त्याच्या मृत्यूनंतरच्या : पियानोवादक जॉन लुइस याची ‘जँगो’ (१९५४) ही शोकगंभीर रचना आणि स्वतः पासने बांधलेली ‘फॉर जँगो’.

वादनशैली : जँगोची ओळख प्रामुख्याने विजेविना वाजणाऱ्या गिटारशी जोडलेली आहे. जोरकस आघात, ठसठशीत स्वरकंप आणि एकाएकी उसळणाऱ्या ताना हे त्याचे विशेष. पास विजेची गिटार वाजवतो. त्याचा नाद मऊ व गोलाईदार आहे. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या बीबॉप या जॅझशैलीतून आलेली लांब, सलग स्वरवाक्ये तो जँगोच्या चालींवर बेतशीरपणे उलगडतो. व्हायोलिन वगळून आणि ड्रम घेऊन त्याने मूळ वाद्यवृंदाचा ढंग जाणूनबुजून बाजूला ठेवला. साथीची गिटार मात्र राखली. पिसानो कॉर्डची चौकट सांभाळत असल्याने पासला एकेरी स्वरांच्या उपजेसाठी पूर्ण मोकळीक मिळते. चाल मांडताना तो कॉर्ड व सुरावट एकत्र गुंफतो. पुढे त्याची ओळख ठरलेल्या एकल वादनाची बीजे इथे स्पष्ट ऐकू येतात.

महत्त्व : जँगोनंतर अनेकांनी त्याच्या ताना जशाच्या तशा गिरवल्या. पासने त्याच्या रचनांमधली उपजेची ताकद ओळखली आणि त्या आपल्या काळाच्या जॅझमध्ये आणल्या. त्यामुळे जँगोची संगीतरचनाकार म्हणून असलेली थोरवीही ठळक झाली. या ध्वनिमुद्रिकेतले वादन गिटारचे विद्यार्थी आजही स्वरलिपीवरून अभ्यासतात. व्हर्चुओसो (ध्वनिमुद्रण १९७३) या एकल वादनाच्या ध्वनिमुद्रिकेने पासला जगभर कीर्ती मिळाली. त्यानंतरही जँगोची ओढ कायम राहिली. फॉर जँगोनंतर पंचवीस वर्षांनी, १९८९ साली, तिच्यातले हेच चौघे समर नाइट्स या ध्वनिमुद्रिकेसाठी पुन्हा एकत्र आले. तिच्यात जँगोच्या आणखी रचनांबरोबर ‘फॉर जँगो’ही पासने नव्याने वाजवली.