खानावळीतलं साधं जेवण

(रेडिओवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘आज काय केलंय?’ असं विचारलं की आपल्याकडच्या बायकांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘काही विशेष नाही, साधंच.’ साधं म्हणजे वरण-भात, एखादी उसळ, भाकरी किंवा पोळी, तोंडी लावायला चटणी. सणावाराचा स्वयंपाक तेवढा सांगण्यासारखा, रोजचा नाही, अशी आपली समजूत. मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. राहिलो लोअर परळला. आणि माझं असं मत झालं आहे की गिरणगावाचा शंभर वर्षांचा इतिहास या ‘काही विशेष नाही’वर उभा आहे. तो कसा, हे आज सांगायचं आहे. सांगता सांगता रोजच्या स्वयंपाकातल्या चार गोष्टीही येतील. त्या मी पुस्तकातून नाही, शेजारच्या खोलीतून शिकलो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४मध्ये ताडदेवला उभी करायला घेतली आणि १८५६मध्ये ती चालू झाली. मग गिरण्या परळ, लालबाग, वरळी, लोअर परळ अशा पसरत गेल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसं आली. पण बहुतेक पुरुष एकटे आले. बायका-मुलं गावी, शेतावर. मुंबईत एकेका गावाची एक खोली असे. तीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. झोपायची सोय झाली. पण जेवायचं कुठे? हॉटेल परवडणारं नव्हतं, आणि दहा तास साच्यावर उभं राहून आल्यावर चूल पेटवायची ताकद कुणात नसायची. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे खानावळ.

खानावळ म्हटलं की पाटी आणि बाकडी डोळ्यांसमोर येतात. गिरणगावातली खानावळ तशी नव्हती. ती एका बाईच्या राहत्या खोलीत असे. ती बाई कुणा कामगाराची बायको, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली. तिच्याकडे दहापासून तीस-चाळीसपर्यंत ‘मेंबर’ जेवत. काही घरी येऊन पंगतीला बसत, काहींचा डबा गिरणीत जाई. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. १९२०-३०च्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. पुढे रात्रपाळीला बंदी, बाळंतपणाच्या रजेचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती आणि नवी यंत्रं, अशा कारणांनी बायकांची संख्या घटत गेली आणि १९७०च्या सुमारास ती नगण्य उरली. गिरणीचं दार बंद झाल्यावर कमाईसाठी बायकांच्या हाती काय राहिलं? चूल.

आमची चाळ डिलाईल रोडची. आजचा ना. म. जोशी मार्ग. बीडीडी चाळी १९२०च्या दशकात सरकारने बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत एक मावशी खानावळ चालवत. तेवढ्या जागेत त्यांचा संसार, धान्याचे डबे, पाण्याचं पिंप, दोन स्टो, एक भुशाची शेगडी आणि पंगत. गिरणीच्या पाळ्या तीन. पहिली सकाळी सातला, दुसरी दुपारी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. म्हणजे पहिल्या पाळीचा डबा पहाटे, दुसरीवाल्यांचं जेवण दुपारी, आणि मध्यरात्री सुटून आलेल्यांसाठी झाकून ठेवलेलं ताट. भोंगा कामगारांसाठी वाजायचा असं आपण म्हणतो. मावशींसाठी तो तीनदा वाजायचा.

आणि सगळा व्यवहार उधारीचा. मेंबर पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्यातून एकदा. वाणी, रॉकेलवाला, कोळीण यांना मात्र पैसे आधी हवेत, नाहीतर व्याज. पगाराआधीचे आठ-दहा दिवस म्हणजे ओढाताण. मंगळसूत्र सावकाराकडे जाऊन येऊन असे. अशा वेळी एक वाटी डाळ जास्त पडली किंवा अर्धा लिटर रॉकेल उगाच जळलं, तर तो तोटा थेट बाईच्या अंगावर यायचा. आज आपण ज्यांना ‘स्वयंपाकाच्या युक्त्या’ म्हणतो, त्या या ओढाताणीतून आलेल्या आहेत.

पहिली युक्ती झाकणावरच्या पाण्याची. मावशी भाजी फोडणीला टाकली की वर खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओतत. वाफ ताटलीला लागून आत परत ठिबकते, भाजी खाली लागत नाही, पाणी वेगळं घालावं लागत नाही. वरचं पाणी तोवर फुकटात तापतं. रश्शाला पाणी वाढवायचं तर तेच वापरायचं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते, पुन्हा उकळी येईतो इंधन जातं आणि रश्शाची चवही मिळून येत नाही.

दुसरी गोष्ट डाळ-कडधान्याची. तुरीची डाळ शिजायला लावण्याआधी अर्धा-पाऊण तास भिजवायची. शिजताना हळद आणि तेलाचे चार थेंब घालायचे, म्हणजे फेस कमी येतो, डाळ उतू जात नाही. उसळीत कोकम, चिंच किंवा टोमॅटो कडधान्य मऊ झाल्यावरच घालायचं. आंबट आधी पडलं तर दाणे कितीही शिजवा, करकरीतच राहतात. याचं कारण आज रसायनशास्त्रात सापडतं. आंबटपणामुळे दाण्यांच्या पेशींना धरून ठेवणारा पदार्थ लवकर विरघळत नाही. मावशींना शास्त्र ठाऊक नव्हतं, स्टोमधलं रॉकेल किती उरलंय हे ठाऊक होतं.

तिसरी गोष्ट वाटणाची, आणि यात खरं कसब होतं. मेंबरांत कोकणी असत, तसे घाटावरचेही. एकाला ओल्या नारळाचं, कोकम घातलेलं कालवण आणि भात हवा, दुसऱ्याला कांदा-लसणाचा झणझणीत रस्सा आणि भाकरी. दोन स्वयंपाक करणं शक्य नव्हतं. मावशी कांदा आणि सुकं खोबरं थोड्या तेलावर खरपूस भाजून, कमीत कमी पाण्यात वाटून ठेवत. पाणी कमी म्हणून वाटण दुसऱ्या दिवशीही टिके. मूळ रस्सा एकच, त्यातला निम्मा दुसऱ्या पातेल्यात काढून वर मसाल्याची वेगळी फोडणी. रस्सा पातळ वाटला तर त्यातलंच मूठभर शिजलेलं कडधान्य घोटून परत त्यात घालत. दाटपणा येतो आणि वेगळा खर्च नाही. माशाच्या कालवणात डाव घालायचा नाही, पातेलंच दोन्ही बाजूंनी फडक्यात धरून फिरवायचं, म्हणजे तुकडी मोडत नाही. तुकडी मोजून वाढायची असल्यावर हे महत्त्वाचं.

भाकरीचंही तसंच. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. मग पिठात उकळतं पाणी घालून, जरा झाकून ठेवून मळायचं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि पिठाला धरतो. रेशनवरचं पीठ वापरणाऱ्या बायकांना हे माहीत असणं भागच होतं. मुंबईत १९४३पासून रेशनिंग आलं आणि पुढे काय शिजेल ते दुकानात काय आलंय यावर ठरू लागलं. १९७२च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिलो, जुन्या पिढीला आठवत असेल. खाताना घास फिरायचा. त्याच वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाईविरोधी संयुक्त समिती उभारली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणं हे कामाचं हत्यार आहे, हे शहराला तेव्हा दिसलं.

आता थोडं भाजण्याविषयी. ओव्हन चाळीत कुणाकडेच नव्हता, तरी दिवाळीत घरोघरी नानकटाई असे. बायका मैदा, तूप, पिठीसाखर डोक्यावर घेऊन जवळच्या बेकरीत जात, तिथेच मळून पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडत. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी हळूहळू निवत जाते. पावाला कडक आच लागते, नानकटाईला मंद. म्हणून ती उतरती आच नानकटाईला नेमकी सोयीची. बेकरीवाला भाजणावळ घेई आणि वाया जाणारी उष्णता कारणी लागे. मुंबईतल्या लाकडावर चालणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे आदेश २०२५मध्ये उच्च न्यायालयाने दिले. हवेसाठी ते योग्यच आहे. पण त्या भट्टीने मजुरांच्या घरांना आपला ओव्हन वापरू दिला होता, याची नोंद राहावी.

घरी करायची असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं वाळू पसरा, वर तिवई ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप. तूप-साखर परातीत तळहाताने पांढरी होईतो फेसायची. यात घाई नको, खुसखुशीतपणा इथेच येतो. मग पीठ हलक्या हाताने मिसळून, गोळे ताटलीत ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. गरम असताना मऊ लागते, गार झाल्यावर कडक होते; म्हणून मऊ आहे असं समजून जास्त भाजू नये.

परत मूळ मुद्द्याकडे येतो. १९७४च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, पण खानावळी बंद झाल्या नाहीत. बायकांनी दागिने गहाण टाकून मेंबरांना जेवू घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणं येतात, ही ताटं क्वचितच येतात. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी मात्र ही गोष्ट हेरली. १९७५मध्ये त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केलं. सुरुवात अवघ्या चौदा बायकांपासून. १९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्यायचं धोरणही होतं, पण तारण नसलेल्या, सही न येणाऱ्या खानावळवालीला बँकेत कोण उभं करणार? मंडळाने बायकांचे गट केले आणि त्या एकमेकींना जामीन राहिल्या. सावकाराचं व्याज सुटलं. पुरव यांना २००२मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या दृष्टीने कर्जाइतकीच मोठी गोष्ट त्या अर्जातली. ‘व्यवसाय’ या रकान्यात या बायकांचं काम पहिल्यांदा लिहिलं गेलं.

पुढचं आपल्याला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मेंबर एकेक करून गावी गेले. कित्येक वह्यांतली उधारी वहीतच राहिली. या कामगारांच्या भरपाईची चर्चा झाली, घरांसाठी मोर्चे निघाले, अजून निघतात. खानावळवालीच्या बुडालेल्या उधारीची चर्चा मी कुठे ऐकली नाही.

असं का व्हावं? आपल्या आकाशवाणीवर कामगारांसाठी ‘कामगार सभा’ असे आणि बायकांसाठी ‘वनिता मंडळ’. खानावळवाली कुठल्या कार्यक्रमाची श्रोती? ती रोज सोळा तास राबणारी कामगार होती, पण स्वतःच्या घरात, स्वयंपाकच करायची. म्हणून कामगारांत तिची गणती नाही, आणि पैसे घेऊन रांधते म्हणून सुगरणींतही नाही. आपल्याकडे पाककृतींच्या पुस्तकांची परंपरा मोठी. १९१०मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघरी पोचली. पण तीस माणसांची आमटी दोन स्टोंवर, महिनाअखेरीच्या पैशांत कशी करायची, याचं पुस्तक कुणी लिहिलं नाही. ज्यांना येत होतं त्यांना लिहायला सवड नव्हती.

आता लोअर परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेच्या इमारती आहेत. फिनिक्स मिलच्या आवारात खरेदी चालते, कमला मिलमध्ये रेस्टॉरंटं आहेत. बदलाबद्दल माझी तक्रार नाही. तिथे काम करणाऱ्या मुलामुलींनाही दुपारी घरगुती डबा हवाच असतो, आणि आसपासच्या चाळींतून काही बायका तो आजही देतात. त्यांच्याकडून डबा घेत असाल तर महिन्याचे पैसे आधी द्या. खानावळीचा सगळा इतिहास वाचून मी काढलेला हा सर्वांत व्यवहारी निष्कर्ष आहे.

आणि एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, शेजारी कुणी खानावळ चालवली असेल, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. किती माणसांना किती डाळ, पीठ कोणत्या दुकानाचं, उधारी कुणाकडे, रात्री बारानंतरचं ताट कशाने झाकायचं, सगळं विचारा. त्या म्हणतील, ‘त्यात काय विशेष?’ तुम्ही लिहून घ्या.