रामराज्यवियोग : उभे करावे, पुरे करू नये

अण्णासाहेब किर्लोस्कर २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले, तेव्हा त्यांचे ‘संगीत रामराज्यवियोग’ अपुरे होते. पहिले तीन अंक १८८४ मध्ये रंगभूमीवर आले. पुढचे राहून गेले. ते कुणी जाणत्याने लिहावेत, चाली लावाव्यात, असे संगीत नाटकावर जीव असलेल्यांना वाटणे साहजिक आहे. मला मात्र वाटते, हे नाटक पुन्हा उभे करावे, पण पुरे करू नये. आधार खुद्द अण्णासाहेबांच्या रीतीचा आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ झाले ते चारच अंकांचे, सातही अंकांचा प्रयोग मागाहून झाला. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ही तीन अंकांनिशीच रंगमंचावर आले. तयार झाले तेवढे लोकांपुढे ठेवण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. शेवटावाचून प्रेक्षक हिरमुसेल, हा आक्षेप इथे टिकत नाही. रामाच्या वनवासाचे पुढे काय होते, हे कोणत्या मराठी घराला सांगावे लागते? बाहेरही असे झाले आहे: १९२६ मध्ये मिलानला पुच्चिनीच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘तुरांदोत’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. संगीतकार आल्फानोने लिहिलेला शेवट हाताशी असूनही वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने पुच्चिनीचे संगीत संपले तिथेच वादन थांबवले.

खरी अडचण पदांच्या जुन्या चाली मिळवण्याची. तरी वृत्त-जातींतली पदे मुकी नाहीत. दिंडी या जातीच्या चरणात १९ मात्रा, नऊवर यती, मग दहा. चांगला कीर्तनकार ती वाचता वाचताच गाऊ लागेल. साकीचेही तेच. ज्या पदांना एखाद्या जुन्या गाण्याची चाल घेतली आहे, तिथे ते मूळ गाणे शोधावे लागेल, आणि कानडी चालींसाठी धारवाड-बेळगावकडच्या गायकांचे पाय धरावे लागतील. न सापडलेले पद सरळ म्हणून दाखवावे, नवी चाल जुनी म्हणून खपवू नये. किर्लोस्करांच्या नाटकांतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांचा गळा कुठून आणणार, असेही विचारले जाईल. ते १९०१ मध्ये गेले आणि आपल्याकडे ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले १९०२ मध्ये. तो आवाज कायमचा गेला. पण म्हणून बालगंधर्वांच्या काळातला ताना-आलापांचा विस्तार या पदांवर चढवणे चूक ठरेल. किर्लोस्करांच्या नाटकात पात्र बोलता बोलता साकी म्हणते आणि लगेच बोलण्यावर येते. पद संवादाचेच काम करते. ते लांबले की नाटक थांबते. संगीत नाटके करणाऱ्या मंडळींनी हे तीन अंक हाती घ्यावेत आणि तिसऱ्यानंतर पडदा पाडावा.