चाकातले पाणी

ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात हवा भरलेली असते, असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा त्या चाकाचा तीन चतुर्थांश भाग पाण्याने भरलेला असतो आणि हवा असते ती उरलेल्या जागेत. हे पाणी तेथे कसे आले, याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

१९२० च्या दशकात अमेरिकेतील ट्रॅक्टरना लोखंडी चाके असत. चाकांवर बसवलेले पोलादी दात जमिनीत रुतत आणि त्या जोरावर यंत्र नांगर ओढी. पकड उत्तम, पण बाकी सारा त्रासच. चालकाची हाडे खिळखिळी होत, फळबागांत झाडांची मुळे तुटत आणि पक्क्या रस्त्यांची तर चाळण होई. अनेक ठिकाणी अशा चाकांना रस्त्यावर बंदीच होती.

१९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्स कंपनीच्या हॅरी मेरिट यांनी विस्कॉन्सिन राज्यात एका ट्रॅक्टरला फायरस्टोनचे विमानाचे टायर लावून पाहिले. खरी युक्ती रबरात नव्हती, ती दाबात होती. ट्रकच्या टायरसारखी कडक हवा न भरता दर चौरस इंचाला सुमारे १५ पौंड एवढाच दाब ठेवला. मऊ टायर जमिनीवर पसरला, माती फार न दाबता तिला बिलगला. शेतकऱ्यांचा मात्र विश्वास बसेना. रबर नांगर कसा ओढणार? मग कंपनीने जत्रांमधून ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ मध्ये बार्नी ओल्डफील्ड या नामांकित मोटारशर्यतपटूने ट्रॅक्टर ताशी ६४ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने पळवला! शेतात ताशी पाच-सहा किलोमीटरने चालणाऱ्या यंत्राला या वेगाचा काय उपयोग, हा प्रश्न बहुधा कोणी विचारला नाही. अधिक उपयोगाचे काम नेब्रास्का विद्यापीठाच्या चाचणी केंद्रात झाले. तेथे १९३४ पासून रबरी चाकांच्या ट्रॅक्टरचीही मोजमापे होऊ लागली.

आता अडचण पुढे आली. लोखंडी दात मातीत घुसून ओढतात. रबरी चाकाला मात्र घर्षणावर बरेच अवलंबून राहावे लागते, आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते. पाठ्यपुस्तकातला हाच नियम. जड लोखंड काढून टाकल्यामुळे ट्रॅक्टर हलका झाला आणि जागच्या जागी चाके फिरवू लागला. काढलेले वजन कोठून तरी परत आणणे भाग होते. चाकाला बिडाच्या चकत्या लावता येत, पण त्यांना पैसे पडतात. पाणी विहिरीत होतेच. रिकाम्या जहाजाच्या तळाशी भार ठेवतात, तसाच हा प्रकार. जुन्या कोशांत त्या भाराला नीरम म्हटले आहे; कारागीर बॅलास्ट म्हणतात.

भरण्याची रीत सोपी आहे. चाक जॅकवर उचलायचे, वॉल्व्ह वर आणायचा, त्याची पिन काढायची आणि पाणी सोडायचे. पाणी वॉल्व्हपर्यंत चढले की चाक सुमारे ७५ टक्के भरते. वरचा भाग हवेसाठी राखावाच लागतो. पाणी दाबले जात नाही. चाक काठोकाठ भरले तर धक्का शोषायला काही उरत नाही. शिवाय हे वजन चाकाच्या आतच असल्यामुळे ते आसावर न येता थेट जमिनीवर पडते.

विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात पाणी गोठते, आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. साधे मीठ घातले तर द्रावण फार तर उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. म्हणून निवड झाली कॅल्शियम क्लोराइडची. त्याचे २५ टक्के द्रावण उणे ३० अंशांच्या आसपास गोठते, आणि ते पाण्याहून जड असल्याने लिटरमागे २०० ग्रॅमहून अधिक वजन फुकट मिळते. विरघळताना ते बरीच उष्णता सोडते, त्यामुळे पिंपात आधी पाणी घेऊन त्यात क्षार थोडाथोडा टाकावा लागतो. ट्यूब झिरपू लागली की हेच द्रावण पोलादी रिम खाऊन टाकते. बाहेरून दिसते वॉल्व्हभोवती तांबूस ओघळ. आत रिमला भोक पडायच्या बेतात असते. अलीकडे तेथे साखर काढून घेतलेला बीटचा रस वापरतात. तो जड असतो, सहज गोठत नाही आणि लोखंडाला त्रास देत नाही.

लहान ट्रॅक्टर आल्यावर हे पाणी केवळ ओढण्यासाठी राहिले नाही. १९६९ मध्ये कुबोटाचा २१ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जपानमधून अमेरिकेत गेला. अशा छोट्या यंत्रांना पुढे माती उचलणारे सूप बसवतात. सूप भरले की पुढचा आस टेकूसारखा होतो आणि मागची चाके उचलली जातात. उतारावर तर यंत्र कलंडून चालक खाली सापडण्याचा धोका असतो. मागच्या चाकांतले पाणी हा त्या तरफेचा दुसरा भार. पण त्याच्या भरवशावर सूप उंच धरून वळणे हे धाडसच. आपल्याकडे थंडीची अडचण जवळजवळ नाही, त्यामुळे साधे पाणी चालते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय चाचणी संस्थेच्या अहवालांत इतर वजनांबरोबर चाकातल्या पाण्याचीही नोंद असते.

मग सगळेच पाणी का भरत नाहीत? कारण वजन वाढले की माती दबते. दबलेल्या काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत. नांगरटीला हवे असलेले वजन पेरणीच्या वेळी नुकसान करते. आणि पाणी काढणे हे भरण्यापेक्षा कटकटीचे, म्हणून ते वर्षभर तसेच राहते.

किती वजन पुरे, हे विद्यार्थ्यांना शेतातच मोजता येईल. मागच्या टायरवर खडूची खूण करा. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते मोजा. समजा ४० मीटर. मग नांगर लावून तेच करा. अंतर ३५ मीटर आले तर घसर साडेबारा टक्के झाली. नांगरटीत दहा ते पंधरा टक्के घसर ठीक समजतात. वीसच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जात आहेत, आणि पाच टक्क्यांच्या खाली आली तर पिन काढून थोडे पाणी सोडून द्यायला हरकत नाही.