करप्याच्या जिवाणूकडून आलेली कात्री

डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या ‘टॅलेन’ या जनुकीय कात्रीचे मूळ भाताच्या आणि मिरचीच्या रोगट पानांत आहे. आधी ही करामत वनस्पतींना नमवण्यासाठी जिवाणूंनी साधली, माणसाच्या हाती ती फार उशिरा लागली.

जपानमधल्या फुकुओका भागातल्या शेतकऱ्यांना १८८४ मध्ये भाताची पाने कडेने पिवळी पडून वाळताना दिसली. दोष जमिनीतल्या आम्लाचा, असे बराच काळ मानले जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोगट पानांवरच्या गढूळ दवात जिवाणू सापडले. आपल्याकडे हा रोग १९५१ मध्ये तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आढळला. शेतकरी त्याला कडा करपा म्हणतात आणि नाव अगदी नेमके आहे: भाताच्या पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात आणि जिवाणू तिथूनच आत शिरतो. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडले, तर त्या जखमाही त्याला चालतात. हा जिवाणू झॅन्थोमोनास कुळातला; डाळिंबावर तेल्या आणणाराही त्याच कुळातला.

आत शिरणे सोपे, टिकणे अवघड. वनस्पतीच्या अंगात फिरती संरक्षक पेशी नसते, त्यामुळे प्रत्येक पेशीला स्वतःचा बचाव स्वतःच करावा लागतो. जिवाणूच्या शेपटीतले प्रथिन किंवा त्याच्या आवरणाचा एखादा अंश ओळखता आला, की पेशी आपली भिंत जाड करते आणि विषारी रसायने सोडते. यावर जिवाणूचा तोडगा थक्क करणारा आहे. सुईसारख्या पोकळ नळीतून तो आपली प्रथिने थेट पेशीत सोडतो. त्यातली काही प्रथिने धोक्याचा संदेशच मध्ये अडवतात.

काही मात्र थेट पेशीच्या केंद्रकात जातात.

अशा प्रथिनांतल्या पहिल्या एकाचे जनुक १९८९ मध्ये मिरचीवरच्या झॅन्थोमोनास जिवाणूतून उल्ला बोनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. त्याची रचना विचित्र होती. चौतीस अमिनो आम्लांचा एकच तुकडा एकामागोमाग एक सतरा-साडेसतरा वेळा आलेला, आणि तुकड्यांमधला मुख्य फरक फक्त बाराव्या व तेराव्या जागी. ही पुनरावृत्ती कशासाठी, याचे उत्तर मिळायला वीस वर्षे लागली. २००९ मध्ये जर्मनीतल्या हाले येथील आणि अमेरिकेतल्या आयोवा येथील अशा दोन गटांनी ते एकाच वेळी शोधले. एक तुकडा डीएनएचे एक अक्षर ओळखतो आणि ते अक्षर कोणते, हे त्या दोन जागा ठरवतात. म्हणजे जिवाणू वनस्पतीचा डीएनए अक्षरशः वाचत होता आणि त्याला हवे ते जनुक चालू करत होता.

भातात त्याला हवे असते ते साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या प्रथिनाचे जनुक. ते चालू झाले की पेशीतली साखर बाहेर झिरपते आणि जिवाणूची चंगळ होते. भाताच्या काही वाणांत या जनुकाच्या सुरुवातीची अक्षरे बदललेली असतात. तिथे जिवाणूच्या प्रथिनाला पकड मिळत नाही आणि रोपाला त्याचा रोग होत नाही. अशा बदललेल्या जनुकाचा एक प्रकार २००८ मध्ये प्रसारित झालेल्या सुधारित सांबा मसुरीत आहे. मिरचीने तर उलटा डाव टाकला. तिच्या काही वाणांत जिवाणू ज्या अक्षरांवर बसतो, ती अक्षरे पेशीला मारून टाकणाऱ्या जनुकापुढेच आहेत. जिवाणूने कळ दाबली की ती एक पेशी मरते, पण रोग तिथेच थांबतो. शत्रूचेच हत्यार त्याच्यावर उलटवण्याची यापेक्षा सुंदर तऱ्हा वनस्पतिशास्त्रात क्वचितच आढळेल.

तुकड्यांचा क्रम बदलून हवी ती अक्षरे वाचता येतात, हे कळल्यावर पुढचे पाऊल लगेच पडले. २०१० मध्ये मिरची आणि भात यांच्यावरच्या जिवाणूंच्या अशा प्रथिनांना डीएनए कापणारे विकर जोडून टॅलेन तयार झाले. २०१२ मध्ये बिंग यांग यांच्या गटाने टॅलेन वापरून भातातल्या अशाच एका साखरजनुकापुढची अक्षरे बदलली आणि करप्याला तोंड देणारी रोपे मिळवली. जिवाणूने घडवलेले हत्यार त्याच्याच विरुद्ध शेतीच्या कामी आले. २०१५ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाने गंभीर आजारी असलेल्या एका बाळाला टॅलेनने बदललेल्या पेशी दिल्या गेल्या.

दरम्यान क्रिस्पर हे डीएनए कापण्याचे दुसरे साधन आले. ते बनवायला सोपे आणि स्वस्त असल्याने बहुतेक प्रयोगशाळा तिकडे वळल्या. पण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएपर्यंत क्रिस्परचा मार्गदर्शक आरएनए पोहोचवणे कठीण जाते. प्रथिनाला ती अडचण नाही. म्हणून २०२० मध्ये त्या डीएनएतले अक्षर बदलण्याची पद्धत तयार झाली, तेव्हा जागा शोधण्याचे काम झॅन्थोमोनासच्याच तुकड्यांवर सोपवले गेले आणि अक्षर बदलणारे विकर आले दुसऱ्या एका जिवाणूच्या विषातून.